जरी, तरी आणि बट

मराठी माणसाच्या इंग्रजीला हसण्याचा परवाना सरकारने नेमका कोणाला दिला आहे, हे मला एकदा कळायला हवं. आमच्या शाखेत तो साहेबांकडे आहे, असा निदान त्यांचा समज आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शिपायाने रजेचा अर्ज स्वतः इंग्रजीत लिहिला. मराठीतला अर्ज साहेबांच्या टेबलावर फार दिवस मुक्काम करतो, हा त्याचा अनुभव. वाक्य असं होतं: 'ऑलदो माय फादर इज सीरिअस, बट आय केम डेली.' साहेबांनी ते सगळ्या काउंटरांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. शाखा हसली. बी.कॉम.ला इंग्रजीत काठावर पास झालेला मीसुद्धा हसलो. अर्ज परत!

दुपारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, चुकलं कुठं तेवढं सांगा."

आता चूक ती चूकच. पण ती अडाणीपणाची नव्हे, हिशेबीपणाची! मराठी ही द्विनोंदी पद्धतीची भाषा. 'जरी' नावे टाकला की 'तरी' जमेला हवाच. 'जरी पाऊस होता, तरी विरार लोकल वेळेवर आली.' (उदाहरण व्याकरणापुरतंच घ्यावं.) इंग्रजीत हा विरोध जोडायला एकच उभयान्वयी अव्यय पुरतं. 'ऑलदो' घेतलं तर 'बट' नको, 'बट' घेतलं तर 'ऑलदो' नको. दोन्ही घातली की एकच व्हाउचर दोनदा पोस्ट! शिपायाने जमाखर्च चोख जुळवला होता; वही तेवढी दुसऱ्याची होती.

आणि हसणारे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? आमच्या निम्म्या पत्रांत 'डिस्पाइट ऑफ' असतं. अहो, 'ऑफ' लागतं ते 'इन स्पाइट'ला. 'डिस्पाइट' एकटा राहतो. शिवाय ह्या दोघांपुढे नाम हवं, 'ऑलदो'पुढे अख्खं वाक्य. 'व्हेअरअ‍ॅज'चं काम तर निराळंच. वसईला किल्ला, तर विरारला जीवदानीचा डोंगर, अशी दोन गोष्टी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर ते वापरावं. तिथे कोणाचा अपेक्षाभंग होत नाही. अपेक्षाभंग झाला की 'ऑलदो'.

मी अर्ज दुरुस्त केला. 'बट' काढून 'येट' घातला. 'ऑलदो'च्या जोडीला 'येट' चालतो. तो तिथे क्रियाविशेषण म्हणून येतो आणि जुन्या इंग्रजीत तर ही जोडी सर्रास दिसते. साहेबांनी 'येट'वर लाल फुली मारली. अर्ज पुन्हा परत!

त्याच संध्याकाळी साहेबांच्या सहीची मराठी सूचना फलकावर लागली: 'जरी ग्राहकांची गर्दी असली, पण कर्मचाऱ्यांनी हसतमुख राहावे.' जरीला पण! ज्या गुन्ह्यासाठी शिपायाची वरात काढली, तोच गुन्हा मातृभाषेत, तोही शिक्क्यानिशी. फलकापुढे एकही जण हसला नाही. बढतीचे दिवस होते.

चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत पडली, तर १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट कलम १८ मध्ये सांगतो की अक्षरी रक्कम धरा. म्हणजे लाखांच्या व्यवहारातही कायदा लिहिणाऱ्याच्या मनातलं समजून घ्यायला बघतो. मग बाप आजारी आहे, हे समजायला एका 'बट'ची अडचण का व्हावी? व्याकरण शिकवावं, जरूर शिकवावं. आधी रजा द्यावी, मग शिकवावं.

शिपायाला अखेर रजा मिळाली. पण चौथ्या दिवशी.

ह्या 'पण'मध्ये चूक काढून दाखवा साहेब!