कयाकला टपावर कायदेशीर जागा द्या

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.



हौद्यातून मागे लोंबणाऱ्या सळयांची वाहतूक आपल्या खात्याने 2014 मध्ये बंद केली. त्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 93व्या नियमात एक सवलत होती. खांब किंवा तसा लांबुडका माल गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवता येत असे. अंधारात पुढे थांबलेल्या ट्रकच्या सळया न दिसल्याने किती जीव गेले, हे आपल्याला मी सांगायला नको. प्रकरण जनहित याचिकेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती सवलत रद्द झाली. ती रद्दच राहावी. माझी मागणी त्याच नियमातल्या दुसऱ्या एका कलमाबद्दल आहे आणि ती कयाक वल्हवणाऱ्यांच्या वतीने करतो आहे.

गेल्या काही वर्षांत कयाक आपल्याकडे रुजली. कोलाडला कुंडलिकेवर, पवना आणि मुळशीच्या जलाशयांवर, अलिबागपासून तारकर्लीपर्यंतच्या खाड्यांमध्ये ती दिसते. या बोटी पाण्यापर्यंत पोहोचतात त्या मात्र रस्त्याने आणि बहुतेक वेळा छोट्या हत्तीच्या किंवा पिकअपच्या हौद्यातून. अडचण तिथेच सुरू होते. खळाळत्या पाण्यातली कयाक आठ-नऊ फुटांची असते, ती तिरकी ठेवून कशीबशी मावते. पर्यटकांना भाड्याने देतात ती साधारण बारा फुटांची. समुद्रात लांब पल्ल्याला जाणारी सोळा-सतरा फुटांची. शर्यतीची एकेरी कयाक 5.20 मीटरपर्यंत लांब असते आणि तिचे किमान वजन अवघे 12 किलो. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास. म्हणजे बारा फुटी बोट ठेवली की जवळजवळ पाच फूट बाहेर.

मग लोक काय करतात, तेही आपण जाणता. फाळका उघडा सोडतात किंवा बंद ठेवून बोट त्यावर टेकवतात, टोकाला लाल फडके बांधतात, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी किंवा नायलॉनच्या दोरीने दोन वेढे मारतात आणि रात्री निघतात, कारण रात्री कोणी अडवत नाही. फाळक्यावर टेकवलेल्या बोटीचे टोक वर उचललेले असते, नेमके मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडाच्या उंचीवर. अंधारात ते लाल फडके काळेच दिसते.

घाटात तर याहून वाईट. गाडी डावीकडे वळली की मागच्या चाकांच्या मागे असलेला भाग उजवीकडे झुकतो. पाच फूट बाहेर आलेली बोट ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणावर समोरून येणाऱ्याच्या वाटेत शिरते आणि चालकाला आरशात ते टोक दिसतही नाही. आपल्याच मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली आणि त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते. हे माहीत असताना बोट मागे काढू द्या, अशी मागणी करण्याचे धाडस मला होणार नाही. जर्मनीच्या नियमांत माल मागे दीड मीटरपर्यंत, शंभर किलोमीटरच्या आतल्या प्रवासात तर तीन मीटरपर्यंत बाहेर ठेवता येतो. एक मीटरच्या पुढे गेला तर तीस सेंटीमीटर लांबी-रुंदीचे लाल निशाण आणि अंधारात लाल दिवा लावावा लागतो. अमेरिकेत व्यावसायिक वाहनांसाठी चार फुटांच्या पुढे निशाण सक्तीचे आहे. तिथली वाहतूक वेगळी, रस्त्यावरची दुचाकींची संख्या वेगळी. ते नियम इथे जसेच्या तसे आणू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. 93व्या नियमाच्या आठव्या उपनियमाप्रमाणे माल बाजूंनी हौद्याबाहेर येता कामा नये आणि मागेही गाडीच्या शेवटच्या भागापलीकडे जाता कामा नये. दोन्ही अटी योग्यच. पुढच्या बाजूला मात्र मर्यादा आखली आहे ती माल ठेवण्याच्या भागाच्या पुढच्या कडेशी. याचा अर्थ केबिनच्या टपावरून एक फूटही माल पुढे नेता येत नाही. सळया, बांबू, पत्रे यांच्यासाठी ते बरोबर आहे, कारण ब्रेक लागताच ते पुढे घसरतात. पण कयाक ही एकसंध, हलकी, दोन्ही टोकांना बांधता येणारी वस्तू आहे. छोट्या हत्तीची एकूण लांबी 3.8 मीटर, बारा फुटी कयाकची 3.66 मीटर. हौद्यावर आणि केबिनवर उभारलेल्या पक्क्या चौकटीवर ती ठेवली तर पुढे, मागे, बाजूला कुठेच गाडीच्या बाहेर येत नाही. पाच मीटरहून लांब पिकअपवर सतरा फुटांच्या बोटीचीही तशीच सोय होऊ शकते. तरीही आजच्या शब्दरचनेप्रमाणे हा गुन्हा ठरतो.

2019च्या दुरुस्तीने आलेल्या 194(1अ) कलमात या गुन्ह्याला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. नियम मोडून बोट मागे लोंबती ठेवणाऱ्याला आणि ती टपावर नीट बांधून गाडीच्या लांबीतच नेणाऱ्याला कायदा एकाच तराजूत तोलतो. नीट बांधणाऱ्याची बोट तर पोलिसाला लांबूनच दिसते. साहजिकच माणूस रात्रीची वेळ आणि लाल फडके निवडतो. नेमके जे धोक्याचे, तिकडेच आपला नियम लोकांना ढकलतो आहे.

म्हणून विनंती अशी की, या उपनियमात इंजिन नसलेल्या क्रीडा-बोटींसाठी एक स्वतंत्र तरतूद करावी. पुढची मर्यादा माल ठेवण्याच्या भागाऐवजी गाडीच्या पुढच्या टोकाशी धरावी. मागची आणि बाजूची मर्यादा आहे तशीच ठेवावी. बोट गाडीच्या एकूण लांबीत मावत नसेल तर मोठी गाडी घ्यावी लागेल किंवा नोंदणी केलेला ट्रेलर. त्याबद्दल आमची तक्रार नाही. रात्रीच्या वाहतुकीला परवानगी नसली तरी चालेल.

चौकटीचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या वेळच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि डिसेंबर 2017 मध्ये आपल्या मंत्रालयाने गाड्यांच्या पुढच्या बुलबारवर याच कलमाचा आधार घेऊन कारवाई करायला सांगितले. पादचाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण बोल्ट काढले की उतरणारी टपावरची चौकट या कलमात बसते की नाही, याचे लेखी स्पष्टीकरण हवे. नाहीतर एका जिल्ह्यातला मोटार वाहन निरीक्षक ती चालवून घेईल आणि घाट उतरल्यावर दुसरा पावती फाडेल. चौकट कोणत्या जाडीच्या नळीची असावी, किती ठिकाणी बोल्ट असावेत, हे आपल्या तांत्रिक समितीने ठरवून द्यावे. आम्ही ते पाळू.

बांधण्याची पद्धत नियमात लिहिली गेली तर सगळ्यात जास्त उपयोग होईल, कारण कयाकच्या बाबतीत वजनाचा धोका थोडा आणि वाऱ्याचा फार. वेग चाळीसवरून ऐंशी झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. टोक वर करून ठेवलेली बोट तेव्हा वाऱ्यात धरलेल्या सुपासारखी उचलली जाते. म्हणून ती पालथी ठेवायची. चौकटीच्या दोन आडव्या दांड्यांमध्ये मीटरभर तरी अंतर हवे आणि प्रत्येक दांडीला रुंद पॉलिस्टरचा पट्टा बोटीवरून घेऊन दांडीभोवती फिरवून आवळायचा. नायलॉनची दोरी भिजली की ताणते आणि ढिली पडते. ट्यूबचे पट्टे आणि हुकवाले रबर तर ताणण्यासाठीच बनलेले असतात. बोट धरून ठेवण्याच्या कामाचे ते नव्हेत. रॅचेटचा पट्टा मात्र जपून वापरावा लागतो. तो इतका आवळला जातो की उन्हात नरमलेल्या प्लॅस्टिकला खळगा पडतो आणि फायबरला तडा जातो. साध्या बकलाचा पट्टा हाताच्या जोराने ओढला तरी पुरतो. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो फडफडत नाही.

याखेरीज बोटीचे पुढचे टोक गाडीच्या पुढच्या बाजूला आणि मागचे टोक मागच्या बाजूला स्वतंत्र दोरीने बांधलेच पाहिजे. एखादा पट्टा सुटला तर बोट महामार्गावर उडू न देणारी हीच दोरी. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळे पुन्हा तपासायचे. अटल सेतूसारख्या ठिकाणी, जिथे खाडीचा वारा आडवा येतो, तिथे वेग कमी ठेवायचा. पावसात बोट उताणी न्यायची वेळ आली तर बसण्याच्या जागेवर झाकण घालायचे. आत शंभर लिटर पाणी साठले की तिचे वजन शंभर किलोने वाढते आणि ते पाणी प्रत्येक वळणावर एका बाजूला धावते.

बोटी उडू नयेत म्हणून हौद्यात पोरांना बसवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. स्पर्धेला निघालेली, सहलीला आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले बोटींवर बसून, दोऱ्या हातात धरून घाट उतरतात. मालवाहू गाडीतून प्रवासी नेणे बेकायदा आहेच. शिवाय अशा प्रवाशाची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात 2002 मध्येच ठरवले आहे. त्या मुलांच्या आईबापांना हे कोणी सांगितलेले नसते. बोट बांधण्याची योग्य रीत कायद्यात आली, तर तिला धरून बसायला माणूस लागणार नाही.

हा खेळ श्रीमंतांचा छंद म्हणून बाजूला ठेवू नये, हीही विनंती. प्राची यादव टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये पॅराकनूत उतरली. अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कनूत कांस्यपदक आणले. अशा खेळाडूंच्या बोटी सरावाच्या तलावापासून स्पर्धेच्या तलावापर्यंत याच देशाच्या रस्त्यांवरून जातात. कोकणात तर कयाक भाड्याने देणारा बहुधा गावातलाच असतो, कधी मासेमारीच्या घरातला. त्याच्याकडे एकच छोटा हत्ती असतो आणि वीस हजारांचा एक दंड त्याचा हंगाम बुडवतो. आपल्या रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या जलाशयांवर उद्या कोणी असा व्यवसाय उभा करायचा म्हटला, तरी पहिला प्रश्न हाच येईल की, बोट तिथवर न्यायची कशी?

नियमात बदल करायचा तर आधी मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. तो मसुदा पावसाळ्यात, किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असताना निघाला, तर नवा हंगाम सुरू होण्याआधी टेम्पोवाल्यांना चौकटी बनवून घेता येतील. बोटींची आणि गाड्यांची मापे, पट्ट्यांचे नमुने आणि भरलेली गाडी घेऊन आपण सांगाल त्या चाचणीसाठी यायची आमची तयारी आहे.

आपला नम्र,
कोकणच्या खाड्यांमध्ये कयाक वल्हवणारा एक नागरिक