खुर्ची मिळाली, मान कधी?

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी पंचायत राज्य सुरू झाले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा दिल्या. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. खुर्ची मिळाली, परंतु खुर्चीबरोबर मान मिळाला काय?

जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. त्या सरकारी जमिनीवरील घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार झाली. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले, विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम केला आणि उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. स्त्री सरपंच झाली हेच गावकऱ्यांना रुचले नाही, असे निरीक्षणही न्यायालयाने नोंदविले. दमदाटीला दरवेळी आवाज असतोच असे नाही. कधी ती तक्रारअर्जाच्या सभ्य वेषातही येते.

सभा म्हणजे भजनी मंडळ नव्हे, तेथे खडाजंगी व्हायचीच, असे काही जण म्हणतील. ते खरेच आहे. परंतु खर्चाचा हिशेब विचारणे ही टीका होय. हिशेब देणारीच्या जातीवर, शिक्षणावर वा संसारावर घसरणे ही गुंडगिरी होय. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा व्यवहार आतबट्ट्याचाच. बोलण्याची किंमत अपमानाने मोजावी लागली की माहितीचा पुरवठा आटतो. कोणत्या वस्तीत नळ कोरडा आहे हे जाणणारी सदस्या गप्प बसते आणि निधी मोठ्या आवाजाच्या दारातील रस्त्यावर खर्च होतो.

उपाय खर्चिक नाहीत. अध्यक्षांच्या परवानगीनेच व पाळीपाळीने बोलावे. अपशब्द मागे घ्यायला लावून तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. सरपंचांच्या खुर्चीवर त्यांच्या पतिराजांनी बसू नये. आणि अपात्रतेच्या तक्रारीवर प्रत्यक्ष पाहणीवाचून अधिकाऱ्यांनी निर्णय देऊ नये.

तथापि केवळ नियमांनी भागणार नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक शिक्षक, कारकून व विद्यार्थी त्या सभेचा सदस्य असतो. एखाद्या सदस्येचा पाणउतारा होत असताना सुशिक्षितांनी खाली मान घालून बसणे, हे त्या दमदाटीला दिलेले अनुमोदनच नव्हे काय?