टक्केवारी कळली, मूल कळले का?

दिव्यांग प्रमाणपत्र हाती आले की मुलाचे मूल्यमापन झाले, असा समज शाळा, पालक आणि कार्यालये या तिघांनीही करून घेतला आहे. प्रमाणपत्राची गरज आहेच. 40 टक्क्यांची अट पूर्ण केल्याशिवाय बहुतेक योजनांचे दार उघडत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना त्या टक्क्यांतून काय कळते? मूल मात्रा गाळते, की फळ्यावरचे त्याला दिसतच नाही? तोंडी हिशेब करणारे पोर वहीत का अडते? हे सांगते ते शैक्षणिक मूल्यमापन. ते चंद्रपूरच्या सामान्य रुग्णालयात एका दिवसात होत नाही; मूल जिथे रोज शिकते तिथेच, काही आठवडे पाहून ते करावे लागते. त्यामुळे ही तपासणी तालुक्यातच व्हायला हवी. रुग्णालयाचा कागद तिच्या मागून यावा, आधी नव्हे.

कायदा याच बाजूचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि अध्ययन अक्षमता त्यांत आणली. ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलण्याची जबाबदारी कलम 16 ने शिक्षणसंस्थांवर टाकली. कलम 17 तर दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करायला सांगते. अध्ययन अक्षमतेची पहिली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी करावी, असे केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. त्यापुढची बुद्ध्यंक चाचणी आणि निम्हान्सची चाचणीमाला तज्ज्ञांनी करायची असते. अडते ते या दोन टप्प्यांच्या मध्ये. सायनच्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी कित्येक वर्षांपासून होते. मुंबईच्या पालकाला ती लोकलच्या अंतरावर आहे. सिंदेवाहीच्या पालकाला ऐन रोवणीत मजुरी बुडवून जिल्ह्याची एसटी धरावी लागते, कधी नागपूर गाठावे लागते. एका हेलपाट्यात काम झाले नाही की तो दुसऱ्यांदा जात नाही. याला पालकांची अनास्था म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही.

आणि समजा तज्ज्ञ भेटला, तरी तो ऐकणार कोणती भाषा? इथल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ण, ळ, श हे उच्चार नाहीत. घरी ‘पानी’, ‘सेत’, ‘डोरा’ म्हणणारे मूल श्रुतलेखनात तसेच लिहिते, आणि प्रमाण मराठीच्या तपासनिसाला तीन शब्दांत तीन चुका दिसतात. ही अक्षमता नव्हे. मूल कानांनी ऐकलेलेच इमानाने लिहिते आहे. ‘कमल’चे ‘मकल’ करणारे, तीच ओळ चौथ्यांदा वाचतानाही अडखळणारे मूल वेगळे. हा फरक त्या भागातल्या शिक्षकालाच चटकन कळतो. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी 2015 मध्ये आली, ही मोठी सोय झाली. पण उत्तरे तपासणाऱ्याला झाडीबोली कळायला हवी, आणि गडचिरोलीकडे गेल्यावर गोंडी-माडियासुद्धा.

या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा प्रश्न वेगळाच गुंतागुंतीचा आहे. कायद्याच्या 21 प्रकारांत तो आहे आणि 2023 पासून राष्ट्रीय मोहिमेत रक्ततपासण्याही होत आहेत. पण तपासणीनंतर त्या मुलाच्या अभ्यासाचे काय झाले, हे कोण विचारतो? वेदनांमुळे महिन्यातले कित्येक दिवस ते घरीच असते. या आजारात कधी कधी मेंदूला बाहेरून न दिसणारी इजा होऊन लक्ष आणि स्मरण मंदावते. हजेरीपटावर ते नुसते ‘अनियमित’ ठरते. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आहेत, पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. म्हणजे कारण न शोधताच शिक्षा.

अशा तपासणीने मुलावर शिक्का बसतो, हा आक्षेप नेहमीचा. शिक्का आधीच बसलेला असतो, ‘ढ’ म्हणून. तपासणीने निदान तो खोटा ठरतो. शिक्षक डॉक्टर नाहीत, हेही खरे. त्यांनी निदान करूच नये. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ तक्त्यात निरीक्षणे भरून मूल विशेष शिक्षकाकडे सोपवावे. दहावीच्या सवलतींसाठी खोटी प्रमाणपत्रे निघतील, ही शंका मात्र गंभीर आहे. पण तिसरीपासूनच्या वह्या आणि नोंदी असलेले मूल खरे की दहावीच्या तोंडावर अचानक उगवलेले प्रमाणपत्र खरे, हे ठरवणे अशा नोंदींमुळेच सोपे होईल. राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मान्य केले. राज्याने 2024 मध्ये शाळांच्या प्रत्येक समूह केंद्राला एक विशेष शिक्षक देण्याचे ठरवले. तो माणूस कागदावर न राहता आठवड्यातून एकदा शाळेत दिसला, तर निम्मे काम होईल.

तोवर पालकांनी थांबू नये. मुलाचे शैक्षणिक मूल्यमापन करावे, असा लेखी अर्ज मुख्याध्यापकांना द्या, त्याची प्रत सिंदेवाहीच्या गटसाधन केंद्राला द्या, पोच घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय इतिवृत्तात नोंदवायला लावा.