रणगाडा मागण्याआधी

१९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानने जे रणगाडे गमावले, त्यांत चिनी बनावटीचे टाइप ५९ होते. त्याच युद्धात भारतीय पलटणींकडे सोव्हिएत टी-५४ आणि टी-५५ होते. टाइप ५९ म्हणजे टी-५४ चाच चिनी अवतार. दोघांना प्रत्येक बाजूला पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात नजरेत भरणारी फट, वर तेच वाटोळं टरेट. चौथऱ्यावर चढवून, हिरवा ऑइलपेंट फासून ठेवला, तर आपण लढवलेला कोणता आणि शत्रूकडून घेतलेला कोणता, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणं शक्य नाही. टरेटच्या छपरावर वायुवीजनाचा छोटा घुमट असेल तर तो टी-५५ नव्हे, इतकं सांगता येतं. पण टी-५४ लाही तो घुमट असतो, म्हणजे तेवढ्यावर निकाल लागत नाही. आतल्या पाट्यांची लिपी रशियन की चिनी, ओतकामातल्या खुणा कोणत्या कारखान्याच्या, पुढच्या पत्र्यावर रंगाच्या थरांखाली कोणता नोंदणी क्रमांक दडला आहे, हे पाहावं लागतं. आणि नेमकं हेच सगळं पहिल्या ‘सुशोभीकरणा’त खरवडून जातं.

सेवेतून काढलेले रणगाडे, तोफा, विमानं लष्कराकडून शहरांना, शाळा-महाविद्यालयांना स्मारक म्हणून दिली जातात, आणि ती मागणाऱ्यांची कुठेच वाण नाही. मुंबईच्या उपनगरांतूनही अशी मागणी होणं स्वाभाविक आहे. चौक आहेत, उद्यानं आहेत, निधी द्यायला उत्सुक लोकप्रतिनिधी आहेत. माझं म्हणणं एवढंच, की रणगाड्याची ओळख पटवून ती लिहून ठेवण्याची आणि त्यावर छप्पर घालण्याची तयारी नसेल, तर अंधेरीने, बोरिवलीने किंवा मुलुंडने तो मागूच नये. आधी नोंद, मग छप्पर, चौथरा सगळ्यात शेवटी. आज हा क्रम बहुधा उलटा असतो, आणि पहिल्या दोन पायऱ्या तर गाळल्याच जातात.

ओळख पटवणं हा हौशी लोकांचा चाळा आहे, असं कुणाला वाटेल. पूना हॉर्सचं उदाहरण घ्या. या एकाच रेजिमेंटचे दोन अधिकारी मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी आहेत: मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जे १६ सप्टेंबर १९६५ ला सियालकोट आघाडीवर पडले, आणि पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जे १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पडले. दोघंही सेंच्युरियन रणगाड्यावर होते. खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे, आणि तो तोच आहे हे सांगता येतं म्हणूनच त्याच्यासमोर उभं राहण्याला अर्थ आहे. त्याच मॉडेलचा दुसरा कुठलाही सेंच्युरियन तिथे आणून ठेवला असता तर लोखंड तितकंच भरलं असतं. तिकडे १९६५ मध्ये शेरमन रणगाडा दोन्ही सैन्यांकडे होता; नुसतं ‘शेरमन’ लिहिलेली पाटी तो कोणाच्या बाजूने लढला हेसुद्धा सांगत नाही.

ओळखीचं काम कधी संपत नाही, याचा दाखला इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात मिळतो. तिथला ‘टायगर १३१’ हा जर्मन रणगाडा ब्रिटिशांनी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला. १९९० पासून त्याच्या जीर्णोद्धाराला हात घातला गेला आणि बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर तो पुन्हा धावू लागला. २०१४ च्या ‘फ्युरी’ चित्रपटातही तो दिसला. इतका तपासलेला, इतका छायाचित्रित रणगाडा जगात क्वचितच दुसरा असेल. तरीही तो कुठे पकडला गेला याची अनेक दशकं सांगितली जाणारी हकिकत चुकीची निघाली. त्या लढाईत असलेल्या एका सैनिकाच्या मुलाने वडिलांच्या आठवणी आणि जुनी छायाचित्रं ताडून पाहिली, आणि टेकडी व तारीख दोन्ही बदलल्या. हे शक्य झालं, कारण ताडून पाहायला मूळ वस्तू, तिच्यावरच्या माराच्या खुणा आणि कागद शिल्लक होते. आपल्याकडे गोळ्याचा खड्डा दिसला की पुट्टी भरून वरून ब्रश फिरवला जातो. ती पुट्टी भरणाऱ्याचा दोष नाही. त्याला गाडी चकचकीत करा एवढंच सांगितलेलं असतं.

आता छपराविषयी, कारण इथे मुंबईची गोष्ट वेगळी आहे. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातले व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी हा-गो, पाकिस्तानकडून आलेले पॅटन, चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेला विजयंता असा ऐवज तिथे आहे. ते शहर पर्जन्यछायेत; वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांतच दोन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद होते, आणि वर खाडीचा, समुद्राचा खारा वारा. अहिल्यानगरात उघड्यावर तग धरणारं पोलाद बोरिवलीत तग धरेल असं मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. शिवाय रणगाडा नुसता बाहेरून गंजत नाही, आतूनही गंजतो. मुलं आत शिरू नयेत म्हणून झाकणं वेल्डिंग करून बंद करतात. मग फटींतून झिरपलेलं पाणी आत साठतं, तळाची निचऱ्याची बुचं काढलेली नसतात, आणि वरून दर २६ जानेवारीला नवा रंग चढत असताना तळाचा पत्रा सडत जातो. जीर्णोद्धार करायला जाणाऱ्याला त्यात ब्रेकच्या अस्तरांतलं ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग, जुन्या तबकड्यांवरचं रेडियम यांच्याशीही सामना करावा लागतो. हे काम रंगाऱ्याचं नाही.

मुंबईने एकदा या परीक्षेत मोठा मार खाल्ला आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती लोकांसाठी बंद झाली, सुमारे ६० कोटींना भंगारात विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली. त्या वेळी भावनेची कमतरता नव्हती. मोर्चे निघाले, न्यायालयात याचिका झाल्या. कमी होती ती देखभालीसाठी दरवर्षी नेमाने येणाऱ्या पैशाची. रणगाडा जहाजाच्या मानाने फार लहान, पण तीच खोट त्यालाही पुरते.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातला सर्वांत वजनदार आधी घेतो. जिथे पालिकेच्या रुग्णालयात खाट मिळत नाही, तिथे जुन्या लोखंडाला छप्पर कशाला? खरं आहे, म्हणूनच मी ‘मागू नये’ म्हणतो आहे. पण जिथे मागून झालं, तिथे चौथरा, ग्रॅनाइट, रोषणाई, उद्घाटनाचा मांडव यांवर पैसा खर्च होतोच. तोच पैसा वळवायचा आहे, नवा आणायचा नाही. दुसरा आक्षेप तत्त्वाचा: २०१७ मध्ये जेएनयूच्या कुलगुरूंनी आवारात रणगाडा हवा असं म्हटलं, तेव्हा वाद झाला तो युद्धसामग्रीचं प्रदर्शन नागरी जागेत का, यावर. त्या शंकेत तथ्य आहे. निनावी, चकचकीत रणगाडा फक्त धाक किंवा अभिमान दाखवू शकतो. ज्याच्याखाली रेजिमेंट, लढाई, गेलेली माणसं आणि लागलेले गोळे लिहिलेले आहेत, तो युद्धाची किंमतही सांगतो; मग पाहणाऱ्याने काय वाटून घ्यायचं ते घ्यावं. तिसरा आक्षेप, की हे लष्कराचं काम आहे, तो मला पटत नाही. लष्कराची कार्यशाळा लढायच्या रणगाड्यांसाठी आहे. वस्तू स्वीकारली की तिची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची.

उलट कौशल्याची कुरकुर उपनगरांनी करू नये. कुर्ल्यात प्रीमियरच्या फियाट बनल्या. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर अजूनही जुन्या गाडीचा हवा तो भाग शोधून देणारे आहेत. साकीनाका-मरोळच्या गाळ्यांत लेथवर एकच सुटा भाग घडवून देणारे कारागीर आहेत. जुन्या गाड्यांच्या संघटना शहरात वर्षानुवर्षं रॅली काढतात. हे हात आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नोंदणीचं काम एकत्र आलं, तर रणगाड्याच्या प्रत्येक भागाचं छायाचित्र, माप, क्रमांक लिहून निघायला एक शैक्षणिक वर्ष पुरेल.

आणि मग रणगाडाच कशाला, असाही प्रश्न विचारावासा वाटतो. कांदिवली-मालाडच्या रहिवाशांना सीओडी, म्हणजे लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, ठाऊक आहे तो इमारतीच्या पुनर्विकासाला लागणाऱ्या ना-हरकत दाखल्यामुळे. भिंतीपलीकडच्या लष्कराशी उपनगराचा संबंध तेवढाच उरला आहे. पण त्याच कांदिवलीत महिंद्राचा कारखाना आहे, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास विलिज जीपची मुंबईत जुळणी सुरू केली ती याच कंपनीने. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने. तशी एक लष्करी जीप तोफेसह मिळवली, तर ती साध्या गॅरेजएवढ्या शेडमध्ये मावते, तिचे भाग सीएसटी रोडवर मिळतात, तिची देखभाल वॉर्ड पातळीवरच्या खर्चात बसते. कांदिवलीने अर्ज करायचाच असेल, तर तो अशा जीपसाठी करावा, आणि अर्जासोबत शेडचा नकाशा जोडावा.