एवढ्याशाने काय होतंय?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहिते आहे. आपले नातेवाईकही हा ब्लॉग वाचतात, हे ठाऊक असून!

परवा एका वाढदिवसाला माझ्या ९ वर्षांच्या नातवाला कुणीतरी प्रेमाने पिझ्झाचा तुकडा भरवला. वर म्हणे, "एवढ्याशाने काय होतंय?" रात्रभर पोर पोट धरून बसलं होतं. त्याला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनने त्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. हे लाड नव्हेत, आणि आजकालचं फॅडही नव्हे. या दुखण्याचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच डॉक्टरने १९५० सालीच आपल्या प्रबंधात मांडला होता.

"मग भाकरी द्या की, पिझ्झा कशाला हवा?" हा दुसरा शहाणपणा. अहो, सगळी पोरं पिझ्झा खात असताना याने कोपऱ्यात भाकरीचा डबा उघडायचा? उभा जन्म शाळेत गेलाय माझा. एकटं पडलेलं मूल मला लांबूनही ओळखू येतं.

म्हणून मी घरीच करते. एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी तांदळाचं. उकळत्या पाण्यात मीठ-तेल घालून उकड काढायची. दोन चमचे इसबगोल पाण्यात भिजवून त्यात मळायचं, म्हणजे पीठ धरून राहतं. पातळ थापून तव्यावर दोन्हीकडून भाजायचं. मग सॉस, भाज्या, चीज घालून मंद आचेवर झाकण ठेवायचं. मैद्यासारखा फुगत नाही, पण कडेला छान कुरकुरीत होतो. भाकरी-थालीपीठ येणाऱ्या बाईला यात अवघड ते काय?

खरी मेख आहे गिरणीत. गव्हामागोमाग दळलेलं ज्वारीचं पीठ त्याला चालत नाही. म्हणून ज्वारी निवडायची, धुवायची, कडकडीत वाळवायची आणि घरच्या मिक्सरमध्ये दळायची. चाळणी वेगळी, तवा वेगळा, पोळपाट वेगळा. डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, तेही वाचून घ्यायचं.

एवढा खटाटोप तुम्ही करावा असं माझं म्हणणं नाही. पण तो एका घासात मातीत घालवू नका. भरवण्याआधी त्याच्या आईला विचारा. तो स्वतः "नको" म्हणाला, तर त्याचं ऐका. परवाही तो "नको" म्हणालाच होता.

असो. ज्यांना राग आला असेल त्यांनी रविवारी पिझ्झा खायला यावं.