सांधे दिसू द्या

पंचाहत्तरी ओलांडलेले थॉमस जेफरसन १८२० मध्ये धारदार पाते आणि गोंद घेऊन नवा करार कापत बसले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद सोडून अकरा वर्षे झाली होती. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असे चारही पाठ शेजारी शेजारी चिकटवायचे होते. पण छापील कागदाला दोन बाजू असतात. पुढचा उतारा कापला की मागचा फुकट जातो. म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या दोन-दोन प्रती घेतल्या. ग्रीक आणि लॅटिन एकाच पुस्तकात होते, त्यामुळे एकूण सहा प्रतींत भागले. येशूची शिकवण राहिली, चमत्कार गळले. थडग्याच्या तोंडाशी दगड लोटला जातो आणि जेफरसनांचे पुस्तक तिथेच संपते; पुनरुत्थान त्यात नाही. स्मिथसोनियन संस्थेने ही वही १८९५ मध्ये चारशे डॉलरला विकत घेतली. ती उघडली की कात्रण कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे आजही डोळ्यांना दिसते.

हे आठवायचे कारण म्हणजे आधुनिक डीइझमवर अनेकांनी मिळून एक ग्रंथ सिद्ध करण्याची कल्पना. देव आहे, त्याने सृष्टी घडवली, तिचे नियम लावून दिले. पण तो कुणाच्या कानात पोथी सांगत नाही, नवसाला पावत नाही. त्याला ओळखायचे तर बुद्धीने आणि सृष्टीकडे पाहून. डीइझमचा गाभा एवढाच. धर्मगुरू नाही, धर्मपीठ नाही, म्हणून अधिकृत ग्रंथही नाही. १९९३ मध्ये ‘वर्ल्ड युनियन ऑफ डीइस्ट्स’ स्थापन झाली, पण तिच्या शब्दालाही वेदवाक्याचा मान नाही. अशा पंथाचे पुस्तक एकट्याने लिहिण्यापेक्षा दहा जणांनी लिहिणे केव्हाही बरे.

मात्र दहा जण जमले की सर्वसंमत मसुद्याचा मोह होतो. ज्याला कुणाचीच हरकत नाही तेवढे ठेवायचे, बाकीचे तासून टाकायचे. गृहनिर्माण सोसायटीच्या इतिवृत्ताला ही रीत ठीक आहे. डीइझमच्या पुस्तकात ती चालवली तर हाती काय उरेल?

बेंजामिन फ्रँकलिन यांचेच पाहा. तरुणपणी स्वतःला डीइस्ट म्हणवणाऱ्या याच गृहस्थांनी १७८७ च्या संविधान परिषदेत कामकाजाआधी रोज प्रार्थना व्हावी, असा प्रस्ताव मांडला. देव माणसांच्या कारभारात लक्ष घालतो, असे त्यांना म्हातारपणी वाटत होते. थॉमस पेन यांनी ‘द एज ऑफ रीझन’मध्ये बायबलची साले काढली, तरी मरणानंतर सुख असावे ही आशा सोडली नाही. या दोघांना एकाच परिच्छेदात बसवणारा संपादक दोघांवरही अन्याय करील.

सामायिक लेखनाचा डीइस्टांचा जुना अनुभवही फारसा बरा नाही. ईथन ॲलन हे व्हरमाँटचे लढवय्ये. त्यांनी आणि डॉक्टर थॉमस यंग यांनी १७६० च्या दशकात धर्मचिकित्सेचे एक हस्तलिखित मिळून सुरू केले. यंग १७७७ मध्ये वारले. ॲलन यांनी कागद परत मिळवले, त्यात भर घातली, आणि पुढे बेनिंग्टनमध्ये ‘रीझन द ओन्ली ओरॅकल ऑफ मॅन’ छापून निघाले ते एकट्या ॲलन यांच्या नावावर. त्यात यंग यांचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. बुद्धीच्या प्रामाणिकपणावर उभे राहिलेले पुस्तक, आणि भागीदाराचेच नाव गायब!

दुसरा प्रसंग अलीकडचा. नास्तिकांचे तत्त्वज्ञ म्हणून पन्नास वर्षे गाजलेले अँटनी फ्लू २००४ मध्ये डीइझमकडे वळले. २००७ मध्ये त्यांचे पुस्तक आले, सोबत रॉय अब्राहम व्हर्गीस यांचे नाव होते. मग ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुरवणीत लेख आला: प्रत्यक्ष लेखणी व्हर्गीस यांची होती. फ्लू तेव्हा ८४ वर्षांचे. मते माझीच आहेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले; तरी चर्चा देवावरून सरकून ‘हे वाक्य नेमके कुणाचे’ या प्रश्नावर येऊन बसली, ती बसलीच.

तेव्हा नव्या ग्रंथाच्या संपादकांनी प्रत्येक लेखाखाली नाव घालावे. मतभेद तळटिपेत न ढकलता समोरासमोर छापावेत. काय गाळले, तेही सांगावे. पुस्तक थोडे ओबडधोबड होईल. होऊ दे.

याचा एक नमुना मराठीत आहे. जोतीराव फुले यांनी तरुणपणी पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले होते. त्यांचा ‘निर्मिक’ डीइस्टांच्या देवाच्या जवळपास येतो, पण जोतीरावांना डीइस्ट ठरवण्याची घाई नको. त्यांचे भांडण जातिव्यवस्थेशी होते आणि त्याची धग युरोपातल्या पुस्तकांत नाही. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ते बरेचसे प्रश्नोत्तरांत आहे, आणि प्रश्न निनावी नाहीत. बळवंतराव हरी साकवळकर विचारतात, जोतीराव उत्तर देतात. विचारणाऱ्यांत दत्तक मुलगा यशवंतही आहे. वडिलांच्या मागे १८९१ मध्ये ते पुस्तक छापून आणले, तेही त्यानेच.