रिकामे हात कोणाचे?

ओझरच्या मिग कॉलनीत संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या निवृत्त मंडळींना वादासाठी विषय लागत नाही, निमित्त पुरतं. त्या दिवशीचं निमित्त पडद्यांचं होतं. अण्णांनी नाशिकच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून पडदे घेतले होते, घासाघीस करून भाव पाडला होता, आणि त्या खुशीत ते म्हणाले, "सिंधी बघा. सत्तेचाळीसला अंगावरच्या कपड्यांनिशी आले. कोणापुढे हात पसरला नाही. आज बाजार त्यांचा आहे. आणि ते बंगाली निर्वासित? त्यांना सरकारनं जमीन दिली, बैल दिले, तरी गडचिरोलीच्या रानात आहेत तिथेच आहेत. शेवटी रक्तातच असावं लागतं."

अण्णा गुंटूरकडचे. १९६८ साली फिटर म्हणून एचएएलच्या विमान कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा नीटस आहे आणि स्वभाव तर लाखात एक. पण हे वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दिवाळी अंकांतसुद्धा मी ते ऐकलं-वाचलं आहे. म्हणून ते थोडं नीट तपासावं म्हणतो.

आधी पूर्वपक्षाला त्याचं देणं देऊ. दोघंही एकाच फाळणीचे निर्वासित, दोघंही हिंदू, दोघांचीही घरदारं सुटली. सिंध्यांना भारतात स्वतःचा प्रांत नव्हता, भाषेचं राज्य नव्हतं. त्यांची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला १९६७ उजाडलं. बंगाल्यांना निदान पश्चिम बंगाल तरी होता. कल्याणच्या लष्करी छावणीत बराकींमधून पडदे लावून राहिलेल्या बायकांनी पापड लाटले, मुलांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, हे खोटं नाही. त्या छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळालं आणि काही वर्षांत तिथे जे पाहिजे ते तयार होऊ लागलं. मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असल्याचा विनोद आपल्या वडिलांच्या पिढीनं केला; त्या विनोदात कुचेष्टा आहे तसं कौतुकही आहे. हे सगळं मान्य. सिंधी माणसाच्या कष्टाचा एक पैसाही मला कमी करायचा नाही.

मला हरकत आहे ती "अंगावरच्या कपड्यांनिशी" या शब्दांना.

फाळणीनंतर सिंधमधून जे दहा-बारा लाख हिंदू इकडे आले, ते बहुतांशी कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर या शहरांतले. त्यांच्यात आमिल होते, म्हणजे पिढ्यान्पिढ्या सरकारी कचेऱ्यांत लेखणी चालवलेले लोक. भाईबंद होते, म्हणजे व्यापारी. हैदराबादच्या सिंधवर्की पेढ्यांची दुकानं एकोणिसाव्या शतकातच कैरो, माल्टा, योकोहामापर्यंत पोचली होती. शिकारपूरच्या सराफांची हुंडी मध्य आशियात वटत होती. मुंबईत उतरलेल्या माणसाच्या खिशात दमडी नसेलही, पण त्याचा मामेभाऊ कोबेला, साडू पनामाला, आणि जकात कशी भरायची, उधारी कशी फिरवायची हे डोक्यात. शिवाय मुंबई त्यांना परकी नव्हती. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा व्यापारी मालासाठी इथे येत-जात होता. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातले प्राध्यापक इकडे आले आणि १९४८ सालीच त्यांनी मुंबईत जयहिंद कॉलेज उभं केलं. निर्वासित होऊन वर्ष उलटायच्या आत ज्या समाजाला कॉलेज काढता येतं, त्याचे हात रिकामे होते असं म्हणणं हा त्या समाजाच्या शिक्षणाचाच अपमान आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणी बघत नाही. सिंधमधले सगळे हिंदू इकडे आलेच नाहीत. थरपारकरचे मेघवाळ, भिल्ल, कोळी बहुसंख्येनं तिकडेच राहिले आणि आजही तिकडेच आहेत. कराचीच्या सफाई कामगारांना तर पाकिस्ताननं जाऊच दिलं नाही. शहर साफ कोण करणार? दलितांना अशा रीतीनं अडकवून ठेवल्याबद्दल बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७मध्ये नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली होती. म्हणजे आपण ज्याला 'सिंधी समाज' म्हणतो, त्याची खालची पायरी सीमेपलीकडेच राहिली. वरच्या पायऱ्या मोजायच्या आणि जिना किती उंच म्हणून टाळ्या वाजवायच्या, असला हा प्रकार.

आता बंगाल्यांकडे वळू. तिथे उलटं झालं. पूर्व बंगालमधले वरच्या जातींचे, शिकलेले लोक पहिल्याच लाटेत कोलकात्यात आले. त्यांनी जादवपूर-विजयगडच्या मोकळ्या जागांवर वस्त्या बसवल्या, शाळा काढल्या, आणि त्यांची मुलं डॉक्टर-प्राध्यापक झाली. मागे राहिले नमःशूद्र : भातशेती करणारे, होडी वल्हवणारे, १९११पर्यंत जनगणनेत 'चांडाळ' म्हणून नोंदले गेलेले. १९५०च्या दंगलींनंतर आणि पुन्हा १९६४च्या दंगलींनंतर ते आले. तोवर कोलकात्यात जागाही उरली नव्हती आणि सहानुभूतीही. त्यांना गाडीत बसवून दंडकारण्यात धाडलं गेलं. त्यातलेच काही तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे वसवले गेले. भाषा तीच, मासे-भात तोच, दुर्गापूजा तीच. मग एकाच बंगालातले दोघे दोन टोकांना कसे गेले? रक्ताचा सिद्धांत इथेच मोडतो. त्याला दुसरा पुरावा शोधायची गरज नाही, पण आहे म्हणून देतो.

तो पुरावा कायद्याच्या पुस्तकात आहे. १९५४ साली संसदेनं विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा केला. भारत सोडून गेलेल्या मुसलमानांच्या मालमत्तेतून विस्थापितांना त्यांच्या दाव्यांपोटी भरपाई द्यायची, असा तो कायदा. त्यात 'विस्थापित' कोण? जो पश्चिम पाकिस्तानातून आला तो. पूर्वेकडचा त्या व्याख्येतच बसत नाही. कारण १९५०च्या नेहरू-लियाकत करारानुसार पूर्वेकडच्यांची जमीन त्यांचीच राहणार होती आणि ते यथावकाश घरी परतणार होते. कायमचे परतले थोडेच. १९६५च्या युद्धानंतर पाकिस्ताननं त्या जमिनींवर 'शत्रूची मालमत्ता' असा शिक्का मारला आणि विषय मिटवला. कराचीतल्या दुमजली घराचा दावा इथे दाखल करता येत होता. बारिसालच्या चार बिघ्यांचा येत नव्हता. अण्णा म्हणतात सिंध्यानं हात पसरला नाही. पसरायला नको होता, कारण त्याच्या हातात दाव्याचा कागद होता, आणि तो हक्काचा होता, भीक नव्हे. फुकटचं रेशन सुरुवातीला कल्याणच्या छावणीतही होतंच. बंगाल्याच्या हातात मात्र फक्त रेशनकार्ड दिलं आणि मग त्यालाच आयतखाऊ म्हटलं.

"जमीन दिली की!" दिली. कुठली? ज्याच्या बापजाद्यांनी नदीच्या गाळात, गुडघाभर पाण्यात भात लावला, त्याला पठारावरची तांबडी, पाणी न धरणारी जमीन दिली. हे मी म्हणत नाही. दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले शैबालकुमार गुप्ता यांनीच १९६५ साली लेख लिहून तिथली जमीन, सिंचन आणि एकूण कारभार यांची लक्तरं वेशीवर टांगली. जंगल ज्यांचं होतं त्या गोंड-माडियांना तर कोणी विचारलंच नाही. तो वेगळा लेख होईल. १९७८ साली हजारो निर्वासित दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर गेले, आपल्या ओळखीच्या चिखलात. पुढच्याच वर्षी पोलिसांनी त्यांना तिथून हुसकलं. आळशी माणसं एवढी पायपीट करत नाहीत.

आणि जागा. उल्हासनगर मुंबईच्या लोकलवर. सकाळी बनवलेला माल दुपारी मस्जिद बंदरला. गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षं वडसा हे एकच रेल्वे स्थानक होतं, तेही जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला. मुलचेऱ्याच्या माणसानं पापड लाटले असते तर विकायचे कोणाला, अस्वलांना?

एवढ्यावर अण्णा म्हणाले, "बरं, सुरुवात वेगळी होती. पण पासष्ट-सत्तर वर्षं म्हणजे काय कमी झाली? किती दिवस जुन्याचंच रडगाणं गायचं?" हा प्रश्न खरा आहे, आणि पूर्वपक्षाचा हाच एक भाग मला जड गेला. कारण तीन पिढ्यांनंतर जुन्या कारणावर सगळं ढकलता येत नाही. पण इथे जुनं कारण जुनं झालेलंच नाही. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्रात नाहीत. म्हणजे मुलचेऱ्याच्या मुलाला गडचिरोलीच्या कॉलेजात जी शिष्यवृत्ती मिळत नाही, ती त्याच्या चुलतभावाला नदिया जिल्ह्यात मिळते. आजोबा एक, जात एक, फक्त सरकारनं गाडी कोणत्या दिशेला पाठवली एवढाच फरक.

आणि हे घडतंय कुठे? महाराष्ट्रात. १९४६ साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जाता आलं नाही, तेव्हा त्यांना निवडून दिलं बंगालनं. त्यासाठी झटले जोगेंद्रनाथ मंडल, स्वतः नमःशूद्र. ज्या समाजाच्या पाठबळानं बाबासाहेब संविधान सभेत पोचले, त्या समाजाच्या नातवंडांना बाबासाहेबांच्या राज्यात जातीचा दाखला मिळत नाही. यावर एखादा पोवाडा व्हायला हवा होता. झाले काय, तर 'बंगाली डॉक्टर'वरचे विनोद.

तेव्हा माझं म्हणणं असं. दोन समाज शेजारी उभे करून उंची मोजायला माझी ना नाही, तुलना हवीच. पण मोजपट्टी त्यांच्या पायापासून लावा, आपल्या डोळ्यांच्या रेषेपासून नको. कोण काय घेऊन आलं, कायद्यानं कोणाला काय दिलं, कोणत्या जमिनीवर आणि बाजारापासून किती लांब बसवलं, हे आधी मांडा. त्यातून जे उरेल त्याला गुण म्हणा. ते उरेल थोडं, पण खरं असेल. सिंध्यांच्या बाबतीतही तेच. 'सगळे सिंधी श्रीमंत' या समजापायी उल्हासनगरच्या बराकीत अजून दोन खोल्यांत राहणारं कुटुंब कोणाला दिसतच नाही. स्तुतीनंही माणूस झाकला जातो.

हे ओझरकरांना तरी कळायला हवं. १९६३ साली यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. ते संरक्षणमंत्री होते, आणि १९६४ साली मिगचा कारखाना ओझरला आला. बाणगंगेच्या पाण्यात विमान बनवण्याचा काही खास गुण होता म्हणून नव्हे. केरळ, आंध्र, पंजाब, आमच्या वडिलांसारखे वऱ्हाडातले, सगळे कुठून कुठून आले. पहिल्या दिवशी हातात आला ओळखपत्राचा बिल्ला, मग क्वार्टर, मग कॉलनीतली शाळा, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी. आज आमची मुलं पुण्या-बंगळुरूला आहेत. त्याच वर्षांत पेठ-सुरगाण्याहून निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणारेही स्थलांतरितच. त्यांची मुलं छाटणीलाच येतात. अण्णा, त्यांच्या रक्तात काय कमी आहे? अण्णा गप्प झाले. मग जरा दुखावून म्हणाले, "म्हणजे आम्ही काहीच केलं नाही?" केलं की. चाळीस वर्षांत एक शिफ्ट चुकवली नाही. पण शिफ्ट होती म्हणून चुकवली नाही.

मिगचा सांगाडा ओझरला व्हायचा, पण इंजिन व्हायचं कोरापुटला, ओडिशात. तेव्हाचा कोरापुट जिल्हा म्हणजे दंडकारण्य प्रकल्पाचाच मुलूख. उमरकोट, मलकानगिरी इथल्या बंगाली वसाहती त्याच जिल्ह्यात. (उमरकोट सिंधमध्येही आहे. नावांना सीमा कळत नाहीत.) वडील एकदा कामासाठी काही महिने तिकडे होते. एका आठवडी बाजारात त्यांना एक म्हातारा बंगाली भेटला. मासे पकडायचं फेकजाळं विकायला बसला होता. आसपास जाळं फेकावं एवढं पाणी नव्हतं, पण हाताला दुसरं काही येत नाही म्हणून विणतो, असं तो म्हणाला. वडिलांनी ते जाळं घेतलं. बाणगंगेवर नेऊन एकदा फेकूनही पाहिलं. दगडांत अडकलं, मग पुन्हा नेलं नाही.

ते अजून आमच्या माळ्यावर आहे. वाद रंगल्यावर मी अण्णांना घरी नेलं आणि ते खाली काढलं. त्यांनी चष्मा वर सारला. चाळीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या बोटांनी एकेक गाठ चाचपत कडेपर्यंत गेले.

"सगळ्या सारख्या आहेत," ते म्हणाले. "मशीनचं आहे ना?"

"हाताचं," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात केली.